दंडावरून दंडावर

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचल्या आणि त्या लागल्या. इंग्रज डॉक्टर जेन्नरची देवीवरची लस हिंदुस्थानात अंगाला लागली ती ही पहिली. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करून ती आली होती. ॲनाच्या दंडावर फोड पिकला, त्यातली लस आणखी पाच मुलांना टोचली आणि तिथून ती हैदराबाद, मद्रास, म्हैसूरकडे निघाली. कंपनी सरकारची ठाणी जिथे, तिथे आधी.

तेव्हा बर्फपेटी नव्हती. दोऱ्यावर किंवा काचेवर वाळवलेली लस उन्हाळ्यात, लांबच्या वाटेवर अनेकदा मरायची. ती जिवंत राहायची माणसाच्या कातडीत, तीही आठ-दहा दिवसच. तेवढ्यात दुसरा कोरा दंड, म्हणजे देवी न आलेला माणूस, हाताशी हवा. बहुधा लहान मूलच.

स्पेनच्या राजाने हे गणित जहाजावर मांडले. नोव्हेंबर १८०३च्या अखेरीस डॉक्टर बाल्मिस ला कोरुन्या बंदरातून अमेरिकेकडे निघाला तेव्हा बरोबर २२ अनाथ मुलगे होते. दर नऊ-दहा दिवसांनी दोघांना टोचायचे. दोघांना अशासाठी की एकाचा फोड खाजवून फुटला तरी साखळी तुटू नये. पोरांना सांभाळायला अनाथालयाची प्रमुख इसाबेल सेंदाल होती, स्वतःच्या मुलासकट. मुले मेक्सिकोत पोचली आणि तिथेच ठेवली गेली. पुढे फिलिपिन्ससाठी आणखी २६ मुले घेतली, ती मेक्सिकोतली.

मोहीम मोठी होती, यात वाद नाही. तिने अगणित जीव वाचवले. मात्र ज्या मेक्सिकोला ही लस नेली, तिथे देवी १५२०मध्ये स्पॅनिश स्वाऱ्यांबरोबरच आल्या होत्या, आणि खाणी-मळ्यांतली माणसे मेली की तिजोरीला खड्डा पडतो हे राजदरबाराला चांगले कळत होते. निव्वळ भूतदयेने कुठलाही दरबार जहाजे सोडत नाही.

या मोहिमेचे गोडवे गाताना मेक्सिकोच्या वाटेवरचे, क्युबातले हवाना मात्र सहसा गाळले जाते. तिथून पुढे न्यायला मुले मिळेनात, तेव्हा बाल्मिसने तीन गुलाम मुली विकत घेतल्या. त्यांच्या दंडांवरून लस पलीकडच्या किनाऱ्यावर पोचली. काम झाल्यावर मुली पुन्हा विकल्या.

‘तो काळच तसा होता’ हे उत्तर ठरलेले. पण त्याच काळात, त्याच मोहिमेत इसाबेलला पगार होता. मुलींच्या किमतीसारखा तोही हिशेबाच्या वहीतच लिहिलेला, फक्त वेगळ्या रकान्यात.