बरणीतली रिकामी जागा

परवा मामेभावाचा फोन आला, कॅलिफोर्नियाहून. गेली दोन वर्षं तो गॅरेजमध्ये द्राक्षांची वाइन करतो. तिकडे घरच्यापुरती करायला मुभा आहे. (आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय करता येत नाही, तेव्हा नांदेडच्या भाचेकंपनीने उगाच प्रयोग करू नयेत. :-)) तर यंदा सगळी वाइन बिघडली. चक्क व्हिनेगर झालं. द्राक्षं वाईट निघाली, यीस्ट जुनं होतं, गॅरेजमध्ये उकाडा फार... त्याची यादी काही संपेना.

मी विचारलं, "बुधला केवढा होता?"

"वीस लिटरचा."

"आणि वाइन?"

"गाळून आठ लिटर राहिली."

मला एकदम आमची वजिराबादच्या घरातली चिनीमातीची बरणी आठवली. तिच्याबद्दल लिहायचं बरीच वर्षं टाळत आलोय, कारण नातेवाईक हा ब्लॉग वाचतात. पण आता लिहितोच.

आधी वाइनचं सांगतो. रस आंबत असतो तेव्हा त्यातून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो आणि तोच वरची हवा बाहेर ढकलतो. तोवर काळजी नसते. आंबणं थांबलं की हा पहारेकरी जातो. मग दर आठवड्याला झाकण काढून "कशी झालीय बघू" म्हणत घोट घेतला, की आत ताजी हवा. आठ लिटर वाइनवर बारा लिटर हवा, म्हणजे अडीच लिटर प्राणवायू! अल्कोहोलचं व्हिनेगर करणाऱ्या जंतूंना तोच लागतो. लुई पाश्चरने १८६० च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं. मोठ्या वायनरीत सव्वादोनशे लिटरचं पिंप असतं. त्यातली वाइन थोडी उडून पातळी उतरली की दुसऱ्या पिंपातली ओतून काठोकाठ भरतात. घरी थोडीशी करणाऱ्याकडे वरून ओतायला दुसरी वाइन कुठली? थोडकं करणाऱ्यालाच हवेचा धोका जास्त, आणि हेच नवशिक्याला कळत नाही. त्याला वाटतं, थोडंसंच तर आहे, काय बिघडणार.

उपाय साधे आहेत. मोठ्या बुधल्यातून काढून लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरायची. शेवटची बाटली अर्धी राहिली तर त्यात धुऊन उकळलेल्या काचेच्या गोट्या टाकायच्या, म्हणजे पातळी वर येते. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटही वापरतात; आपण सरबतात घालतो तेच. पण मला सगळ्यात आवडला तो इटलीतला जुना उपाय. तिथे वाइनच्या बाटलीत वर ऑलिव्हच्या तेलाचा थर सोडत. घरी वाइन करणारे तिथले लोक आजही त्यासाठी एक बिनवासाचं तेल वापरतात. वाइन खाली, तेल वर, हवा बाहेर.

म्हणजे आपलं लोणचंच की हो!

आमची आजी लोणच्यात पक्की होती. पहिला पाऊस पडून गेला की कोय धरलेल्या कैऱ्या आणायच्या, अडकित्त्याने फोडून घ्यायच्या, फोडी फडक्याने एकेक पुसायच्या. बरणी उन्हात वाळवून तिला हिंगाची धुरी द्यायची. फोडणी पूर्ण गार करून घालायची. तेल बहुधा करडईचं, कधी शेंगदाण्याचं. फोडींवर दोन बोटं तेल आलंच पाहिजे, नाहीतर ती झोपायची नाही. वर दादरा घट्ट बांधायचा. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट हवा आणि पाणी बाहेर ठेवण्यासाठी आहे. आजीने पाश्चरचं नावही ऐकलं नव्हतं.

एका वर्षी मात्र लोणचं नासलं. श्रावणात दादरा सोडला तर वर पांढरी साय, खाली हिरवट बुरशी आणि सगळ्याला खवट वास. आजीने बरणीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारात काकू उभी होती. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तिला.

"अडचणीत असताना बरणीला हात लावलास का?"

काकू म्हणाली, नाही. ते कुणीच ऐकलं नाही. पुढे कितीतरी वर्षं लग्नकार्यात, पंगतीत, "हिच्या हाताने लोणचं गेलं होतं बरं का" हे हसत हसत सांगितलं जायचं. सांगणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या. मी नऊ-दहा वर्षांचा होतो, मीही हसलोय.

आज मी हिशोब मांडतो तेव्हा वेगळंच दिसतं. त्याच वर्षी घराच्या वाटण्या झाल्या होत्या. खाणारी तोंडं निम्मी झाली, कैऱ्या निम्म्याहून कमी आल्या, पण बरणी तीच, बारा किलोची. लोणचं तळाशी तिसऱ्या हिश्श्यात, वर सगळी पोकळी. रुंद बरणीत थोडं लोणचं म्हणजे त्यावर तेवढंच मोठं तोंड झाकायचं. दोन बोटं तेल राहायला खूप तेल लागलं असतं, आणि त्या वर्षी घरात हात आखडता होता. वर आलेल्या फोडी तेलाबाहेर उघड्या. त्यात श्रावणातली दमट हवा, रोज दोनदा दादरा सोडणं. बुरशीला हवा लागते, पांढऱ्या सायीला हवा लागते, करडईचं तेल खवट व्हायलाही हवाच लागते. या सगळ्यात काकूच्या पाळीचा संबंध कुठे येतो?

पुढे वाचनात आलं, की हा आळ आपल्याकडचाच नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेलेला रोमन लेखक प्लिनी लिहून गेलाय, की पाळीतल्या बाईच्या संपर्काने नवी वाइन आंबट होते. मी वाचून थक्क झालो. दोन हजार वर्षांपूर्वीचं रोम आणि आमचं नांदेड! १९२० मध्ये तर बेला शिक नावाच्या नामवंत डॉक्टरने, घटसर्पाची चाचणी शोधणाऱ्या माणसाने, पाळीच्या दिवसांत बाईच्या अंगातून विष बाहेर पडतं आणि त्याने फुलं कोमेजतात असा दावा केला. ते विष काही टिकलं नाही. हवा दिसत नाही, बाई दारातच उभी असते. बोट कुठे दाखवायचं हा प्रश्नच येत नाही मग.

"तो स्वच्छतेचा नियम होता, तेव्हा सोयी नव्हत्या," असं मला आत्या नक्की सांगणार. आत्या, स्वच्छतेचा नियम असता तर तो सगळ्यांच्या हातांना लागला असता. शेतातून येऊन बरणीत ओली पळी घालणाऱ्या काकांनाही. त्यांना कोणी विचारलं होतं का?

एक मात्र सांगून ठेवतो, कारण वाचून कुणीतरी भलतंच करेल. हवा बंद केली की सगळं सुरक्षित, असं नाही. कैरीत आंबटपणा आणि भरपूर मीठ असतं म्हणून तिला तेलाखाली ठेवता येतं. नुसत्या सोललेल्या लसणावर तेल ओतून बाहेर ठेवू नका, हवेवाचून वाढणारे विषारी जंतूही असतात.

मामेभावाला मी एवढंच सांगितलं, की पुढच्या वर्षी आठ लिटर करायची तर आठ लिटरचीच भांडी घे, आणि चव घ्यायचा हात आवर. घरोघरी आता दोन-तीन माणसं उरलीत, पण माळ्यावरून बरणी काढतात ती आजीच्या वेळची. त्यापेक्षा पावशेर-अर्ध्या किलोच्या काचेच्या बाटल्या बऱ्या. एक उघडली की बाकीच्या बंदच राहतात.

यंदा जूनमध्ये मी नांदेडला गेलो तेव्हा चार किलो कैऱ्या आणल्या आणि काकूला म्हटलं, चल. ती आता सत्तरीला आली. पाळी जाऊन पंचवीस वर्षं झाली असतील. तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी खुर्ची घेऊन बसली.

"तूच भर बाबा. मी इथूनच सांगते."

"काकू, असं काय करायलास? ये की आत."

बराच वेळ नाही आली. मग मी मीठ मोजायला लागल्यावर तिच्याने राहवेना. उठली, माझ्या हातातली वाटी घेतली आणि म्हणाली, "एवढ्याने काय होणार आहे?" सहा बाटल्या भरल्या, गळ्यापर्यंत. दोन मी आणल्या, चार तिच्याकडे आहेत. मीठ जरा जास्त पडलंय.