हजारे गेले, बांगर गेले, सक्सेना आले

थ्रेड : महाराष्ट्राच्या रणजी संघाने १९४१ नंतर एकदाही करंडक का उचलला नाही, आणि या प्रश्नाचे निम्मे उत्तर बीडमध्ये का शोधावे लागते?

बीड जिल्ह्यात भरतीचा मोसम कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात मुकादम गावोगाव फिरतो, उचल वाटतो, कोयते ठरवतो. दसरा-दिवाळी उलटली की टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. गाळप हिवाळ्यात चालते. पण कोणाचा कोयता कोणत्या फडात चालणार, हे पावसाळ्यातच ठरून गेलेले असते.

क्रिकेटचे वेळापत्रक असेच आहे. रणजीचे सामने ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. तत्पूर्वीच्या चार-पाच महिन्यांत कोणता खेळाडू संघ सोडतो, कोणाला ना-हरकत प्रमाणपत्र मिळते, प्रशिक्षक कोण, निवड समितीत कोण, हे सारे ठरते. उपमा अर्थातच येथेच थांबवली पाहिजे. ऊसतोड मजुराची उचल आणि क्रिकेटपटूचा करार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मात्र पोटासाठी जिल्हा सोडणे हा धागा दोन्हीकडे समान आहे, आणि हा इतिहास त्याच धाग्याचा आहे.

२०२५ च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने मुंबईचा पृथ्वी शॉ आणि केरळकडून खेळणारा जलज सक्सेना यांना आपल्याकडे घेतले. नियमानुसार प्रत्येक राज्य संघाला असे तीन पाहुणे खेळाडू घेता येतात. बातमी येताच नेहमीचा आक्षेप निघाला : बाहेरचे कशाला? आपली मुले नाहीत का?

आक्षेप भावनेला पटतो. इतिहासाला तो पटत नाही, कारण रणजी स्पर्धेच्या पहिल्या दोन दशकांत याच बाजारात विकत घेणारे होते बडोदा आणि इंदूर, आणि माल पुरवणारा होता महाराष्ट्र.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावी. ‘महाराष्ट्र’ हा रणजी संघ महाराष्ट्र राज्यापेक्षा जुना आहे. राज्य १ मे १९६० चे. संघ स्पर्धेच्या पहिल्या, म्हणजे १९३४-३५ च्या मोसमापासूनचा. पुणे हे त्याचे केंद्र. मुंबईचा संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा. आजही एका राज्यात तीन संघ आहेत ते या जुन्या नकाशामुळे.

या संघाचा सुवर्णकाळ दोनच वर्षांचा. १९३९-४० मध्ये संयुक्त प्रांताला आणि १९४०-४१ मध्ये मद्रासला हरवून महाराष्ट्राने लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढणारा हा प्राध्यापक; त्याच्यावर स्वतंत्र थ्रेड व्हायला हवा.

त्या संघाचा कणा होते सांगलीचे विजय हजारे. १९३९-४० च्या मोसमात त्यांनी पुण्यात नाबाद ३१६ धावा काढल्या. समोरचा संघ होता बडोदा.

आणि १९४१-४२ पासून हजारे कोणाकडून खेळू लागले? बडोद्याकडून.

ज्याने आपल्या गोलंदाजांना दीड-दोन दिवस राबवले, त्यालाच पदरी ठेवावे, हा गायकवाडांचा व्यवहार अगदी सरळ होता. हजारे महाराजांचे एडीसी झाले. दरबारात हुद्दा, दरमहा वेतन, खेळायला मोकळीक. पुण्याकडे देण्यासारखे काय होते? मैदाने होती, जिमखाने होते, जाणकार प्रेक्षक होते, खजिना नव्हता. देवधरांचे भागत होते ते प्राध्यापकीवर. प्रत्येक फलंदाजाला संस्कृत शिकवता येत नाही.

मार्च १९४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. समोर होता होळकरांचा संघ. तोही असाच जमवलेला. नागपूरच्या सी. के. नायडूंना होळकरांनी १९२३ मध्येच इंदुरास बोलावून सैन्यात हुद्दा दिला होता. आजही त्यांना ‘कर्नल’ म्हणतात ते त्यामुळे. महाराष्ट्राकडून खेळून गेलेले चंदू सरवटे तेथे पोहोचले. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढणारे भाऊसाहेब निंबाळकर मूळचे कोल्हापूरचे, तेही पुढे होळकरांकडे गेले. महायुद्धाच्या निमित्ताने हिंदुस्थानात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनसुद्धा १९४४-४५ चा अंतिम सामना होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा काढून गेला. तो सामना होळकर हरले, हा भाग निराळा.

त्या एका दशकात होळकर संघाने दहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला. याच काळात महाराष्ट्राच्या वाट्याला एकही विजेतेपद नाही. संस्थानिकांच्या क्रिकेटकडे ‘राजेलोकांचा शौक’ म्हणून पाहण्याची पद्धत आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण शौकाच्या पलीकडे त्यांनी एक प्रश्न ओळखला होता, जो पुण्याने ओळखला नाही : खेळाडू चार महिने खेळतो, जेवतो मात्र बारा महिने.

आता बीड.

हजारे बडोद्याला गेले तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते. हैदराबादचा संघ १९३७-३८ मध्ये रणजी विजेता ठरला होता; म्हणजे त्या काळी बीडच्या मुलाने वरच्या दर्जाच्या क्रिकेटचे स्वप्न पाहिलेच असते, तर त्याचे तोंड पुण्याकडे नव्हे, हैदराबादकडे असते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि क्रिकेटच्या नकाशावर तो पुण्याच्या बाजूला जोडला गेला. कारभार जोडला गेला. माणसे जोडली जाण्यास मात्र वेळ लागतो. बीडपासून पुणे दोनशे किलोमीटरहून दूर आणि निवड चाचणीला जाणाऱ्या मुलासाठी हे अंतर नकाशावर दिसते त्याहून लांब.

११ ऑक्टोबर १९७२ रोजी बीडमध्ये संजय बांगर यांचा जन्म झाला. कनिष्ठ गटात ते महाराष्ट्राकडून खेळले, मुंबईकडूनही खेळले. रणजी मात्र ते १९९३-९४ पासून थेट निवृत्तीपर्यंत एकाच संघाकडून खेळले : रेल्वे.

रेल्वे म्हणजे स्वतंत्र भारतातले बडोदे-इंदूर. संस्थाने विलीन झाली, दरबारी हुद्दे संपले, आणि खेळाडूला पोसण्याचे काम नोकरी देणाऱ्या मोठ्या सरकारी यंत्रणांकडे आले. रेल्वेचा रणजी संघ १९५८-५९ पासूनचा. त्याला भूगोल नाही. त्याचा प्रांत म्हणजे नेमणूकपत्र. ज्यांना घरच्या संघात जागा नाही किंवा घरच्या संघात पगार नाही, अशांना एकत्र करून या संघाने २००१-०२ आणि २००४-०५ मध्ये करंडक जिंकला. दोन्ही वेळी बांगर त्या संघाचे आधारस्तंभ होते.

बांगर यांच्या कर्तृत्वाचे माप अनेकदा कमी धरले जाते. १२ कसोटी, १५ एकदिवसीय सामने, झाले. परंतु २००२ च्या हेडिंग्ले कसोटीत ढगाळ हवेत सलामीला जाऊन त्यांनी काढलेल्या ६८ धावांवरच द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली यांच्या शतकांचा मजला चढला. प्रथम श्रेणीत त्यांच्या नावे ८,३४९ धावा आणि ३०० बळी आहेत. केवळ रणजी करंडकापुरते पाहिले तरी सहा हजारांवर धावा आणि दोनशेवर बळी. ही दुहेरी मजल त्यांच्या कितीतरी आधी कोणी मारली होती? विजय हजारे यांनी.

म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीत जन्मलेले असे दोन अष्टपैलू खेळाडू. एकाने आपली उमेदीची वर्षे बडोद्याला दिली, दुसऱ्याने रेल्वेला. आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राने ज्याला बोलावले तो जलज सक्सेना कोण? रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी पूर्ण करणारा पहिला खेळाडू. जन्म इंदूरचा. ज्या शहराने सरवटे-निंबाळकरांना नेले, त्या शहरातला माणूस आठ दशकांनी पुण्याच्या संघात येतो, तोही अडतिसाव्या वर्षी. काळाने केलेली ही परतफेड म्हणावी तर व्याज फारच थोडे मिळाले.

दरम्यान महाराष्ट्र तीन वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला : १९७०-७१ मध्ये मुंबईकडून, १९९२-९३ मध्ये पंजाबकडून, २०१३-१४ मध्ये कर्नाटककडून. १९९३ च्या पराभवानंतरच्याच मोसमात बांगर यांनी रेल्वेकडून पदार्पण केले. ते असते तर महाराष्ट्र जिंकला असता, असे म्हणणे हा इतिहास नव्हे, हळहळ झाली. पण हळहळ करण्याजोगे काही घडले, हे तरी मान्य करावे.

सगळेच गेले असेही नाही. मराठवाड्याचाच अंकित बावणे २००७ पासून महाराष्ट्राकडून खेळत राहिला आणि कर्णधारही झाला. त्यामुळे ‘पुण्याने मराठवाड्याला दार बंद ठेवले’ हे सरसकट विधान टिकत नाही. दार होते, उघडेही होते. दारापर्यंत आणणारे कोणी नव्हते, हे अधिक खरे.

येथे संघापेक्षा कार्यालयाचा प्रश्न येतो. खेळाडू कोण, याआधी खेळाडू शोधायला कोणाला नेमले आहे? आपल्याकडे निवडकर्ता हे पद दीर्घकाळ मानद समजले गेले. मान भरपूर, दौरे थोडे. आयपीएलच्या मालकांनी या पदांची किंमत लवकर ओळखली. त्यांनी २०१४ मध्ये बांगर यांना पंजाबचे प्रशिक्षक केले आणि त्याच वर्षी तो संघ अंतिम फेरीत गेला. पुढे ते भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक झाले, बेंगळुरूचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पंजाबने त्यांना क्रिकेट विकास प्रमुख म्हणून नेमले. म्हणजे बीडचा माणूस लिलावाच्या मेजावर बसून इतरांची पारख करू लागला, पण दुसऱ्या प्रांताच्या नावाने चालणाऱ्या संघासाठी.

शेजारचा विदर्भ पाहावा. २०१७ मध्ये त्यांनी मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आणले. वसीम जाफर, गणेश सतीश यांच्यासारखे पाहुणे घेतले. आणि २०१७-१८, २०१८-१९ असे लागोपाठ दोन करंडक जिंकले. २०२४-२५ ला तिसरा. त्या अंतिम सामन्यात पाहुण्या करुण नायरने ८६ धावा काढल्या आणि विदर्भाच्या कोवळ्या दानिश मालेवारने १५३. हरलेल्या केरळकडून त्या दिवशी खेळत होते जलज सक्सेना आणि विदर्भाचाच आदित्य सरवटे! पाहुणे घेतल्याने घरची मुले मरतात, हा समज नागपूरने खोटा पाडला. पाहुणा उपयोगी पडतो, फक्त त्याच्या शेजारी उभे करायला घरचे कोणीतरी तयार असावे लागते, आणि ते तयार करणाऱ्याला पगार द्यावा लागतो.

‘आता पैसा आला, नोकरीचा प्रश्न उरला नाही’ असेही सांगितले जाते. २०२१ पासून रणजी खेळाडूचे मानधन अनुभवानुसार दिवसाला चाळीस ते साठ हजार रुपये झाले, हे खरे. पण ते अंतिम अकरांत नाव असेल त्या दिवसांचे. सतरा-अठरा वर्षांच्या, अजून कोणत्याच यादीत नसलेल्या जिल्ह्यातील मुलाची पावसाळ्यातली खाणावळ त्यातून भागत नाही. संघाचा पाया मात्र त्याच वयात भरला जातो.

६ फेब्रुवारी २०२४. बेनोनी, दक्षिण आफ्रिका. एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी. २४५ धावांचा पाठलाग करताना भारताचे चार गडी ३२ धावांत गेले. तेथून उदय सहारनच्या साथीने १७१ धावांची भागी करून सामना फिरवणारा आणि ९६ वर बाद झालेला फलंदाज होता बीडचा सचिन धस. बांगर यांच्यानंतर तीन दशकांनी बीडने पुन्हा दखल घ्यावी असा खेळाडू दिला, आणि तो महाराष्ट्राच्या संघात आला. ही चांगलीच गोष्ट. पण तो सापडला तो घरच्यांच्या आणि स्थानिक प्रशिक्षकाच्या चिकाटीमुळे. अशी चिकाटी दर तीस वर्षांनी एकदा फळते.

म्हणून येत्या पावसाळ्यात महाराष्ट्राने कोणता पाहुणा घेतला यावर वाद घालण्याआधी एक साधी चौकशी करावी. बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव या सहा जिल्ह्यांत राहून, बारा महिने पगार घेऊन, शाळा-शाळांच्या मैदानांवर फिरणारी किती माणसे नेमली? मुकादमाला कोणत्या वस्तीवर किती कोयते आहेत हे तोंडपाठ असते.