अक्षरांच्या पुढें

प्रौढाला अक्षरओळख करून दिली कीं समाजाचें कर्तव्य संपलें, अशी समजूत आमच्या सुशिक्षित वर्गांत अद्यापि घट्ट रुजलेली आहे. प्रौढशिक्षणाच्या योजनांत आरोग्य, बँकव्यवहार, कायदा, धंदेशिक्षण असे नाना विषय आलेले पाहून हा वर्ग नाक मुरडतो. ज्याला आपलें नांव लिहितां येत नाहीं त्याला या गोष्टी काय शिकवितां, आधीं बाराखडी पुरी होऊं द्या, असा त्याचा आक्षेप आहे. वरवर पाहतां हें बोलणें शहाणपणाचें वाटतें. परंतु मुलांच्या शाळेचा गज घेऊन मोठ्या माणसाला मोजावयाचें, हा त्यांतील मूळ दोष होय.

मुलाजवळ वेळ असतो. आज शिकलेलें दहा वर्षांनीं उपयोगीं पडलें तरी त्याचें भागतें. चाळिशी उलटलेली मजूर बाई दिवसाचें काम आटोपून वर्गाला येते ती आजची अडचण घेऊन. कर्जाच्या कागदावर काय लिहिलें आहे, औषधाची गोळी केव्हां घ्यावयाची, एस्. टी.च्या पाटीवर कोणत्या गांवाचें नांव आहे, हें तिला वाचतां यावयास हवें असतें. तिला कमळाचा ‘क’ नको, कर्जाचा ‘क’ हवा. जीवनाचे विषय बाराखडीनंतर यावयाचे नसून, त्यांच्यांतूनच तिला बाराखडी शिकवावयाची असते.

हा विस्तार कांहीं कालपरवांचा शोध नव्हे. १८५५ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठीं शाळा काढली ती रात्रीची, म्हणजे शिकणाराची सवड ओळखून काढलेली. १९११ सालीं ना. म. जोशी यांनीं मुंबईंत स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगनें रात्रशाळांच्या जोडीला वाचनालयें, सहकारी पतपेढ्या, गरिबांस कायद्याचा सल्ला व औषधोपचार हींहि कामें हातीं घेतलीं. पाटी हातीं देतांना पाटी धरणाऱ्या हाताचीहि काळजी वाहावी लागते, हें त्या मंडळींस ठाऊक होतें.

केंद्र सरकारनें २०२२ सालीं मंजूर केलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमानें, ज्यास पुढें ‘उल्लास’ हें नांव मिळालें, ही दृष्टि कागदावर तरी पूर्णपणें स्वीकारली. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठीं त्यानें पांच अंगें नेमून दिलीं: वाचन, लेखन व अंकज्ञान, जीवनकौशल्यें, मूलभूत शिक्षण, व्यवसायकौशल्यें, आणि निरंतर शिक्षण. ‘प्रौढशिक्षण’ हा शब्दहि बदलून ‘सर्वांसाठीं शिक्षण’ असा केला. या विस्ताराचें आम्ही मनःपूर्वक स्वागत करतों. आमचें भांडण आहे तें त्याच्या पोकळपणाशीं.

पांच वर्षांत पांच कोटी लोकांना साक्षर करावयाचें, आणि पांच वर्षांचा अंदाजी खर्च १,०३७.९० कोटी रुपये. साधा भागाकार केला तर माणशीं सुमारें २०८ रुपये पडतात! एवढ्यांत पांच अंगें कशीं पोसावयाचीं? शिकविणारे सारे स्वयंसेवक. त्यांना मानधन नाहीं. परीक्षा १५० गुणांची, ती वाचन, लेखन व अंकगणित यांस प्रत्येकीं ५० गुण देऊन संपते. बाकीच्या चार अंगांना त्या मापांत जागाच नाहीं. आणि जें मोजलें जात नाहीं तें घाईगर्दीच्या वर्गांतून आधीं गळतें.

स्वयंसेवेचें पावित्र्य आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आपल्या मुलाच्या शाळेंत सारेच शिक्षक विनावेतन, सवडीप्रमाणें येणारे असले, तर वाचकांपैकीं किती जण मुलाला तेथें घालतील? जें आपल्या मुलास चालणार नाहीं तें दुसऱ्याच्या आईस पुरे आहे, असें आम्हीं कोणत्या न्यायानें ठरविलें?

२०११ च्या जनगणनेप्रमाणें पंधरा वर्षांवरील निरक्षरांची संख्या सुमारें २५ कोटी ७६ लाख होती व त्यांत १६ कोटी ६८ लाख स्त्रिया होत्या. त्यांच्यासाठीं विस्ताराचा अर्थ अगदीं साधा आहे: लेंकरूं सांभाळणारें कोणी, म्हाताऱ्या डोळ्यांस चष्मा, वाचावयास मोठ्या ठशाचीं पुस्तकें, पगारी शिक्षक आणि सोयीची वेळ. ठाणें जिल्ह्यांत मुरबाडजवळ फांगणे येथें ८ मार्च २०१६ रोजीं आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिचा वर्ग दुपारीं दोन ते चार भरत असे. कारण घरकामांतून आजीबाईंना तेव्हांच उसंत मिळे. वेळापत्रक शिकणाराच्या दिवसावरून आंखावें, हें एका लहान गांवाला उमगलें तें मोठ्या योजनांना उमगूं नये काय?

सरकारास दोष देऊन मात्र आमची सुटका होत नाहीं. आमच्या घरीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईस वर्गासाठीं आठवड्यांतून तीन दिवस दोन तास मोकळे सोडावे आणि त्यांचा पगार कापूं नये, एवढें तरी प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाच्या हातीं आहे. तेवढें करावें, आणि मगच बाराखडी आधीं कीं बँक आधीं हा वाद घालावा.