घरांतील रसायन : दालचिनी आणि स्पिरिटची बाटली

मसाल्याचा डबा उघडतांच दालचिनीचा जो गोडसर वास दरवळतो तो कोणत्या द्रव्याचा, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांस पडला असेल. तें द्रव्य अल्डिहाइड या कुलांतील होय. जिरें, कडू बदाम व व्हॅनिला यांचे वासही याच कुलांतील द्रव्यांचे आहेत.

कुलाचें लक्षण सोपें आहे. कर्बाच्या परमाणूस चार हात असतात अशी कल्पना करावी. दोन हातांनीं तो प्राणवायूचा एक परमाणु धरतो, तिसऱ्यानें उज्जवायूचा. चौथ्या हातीं कोण आहे यावरून वास व गुण पालटतात. मद्यार्कांतून उज्जवायु काढून घेतला म्हणजे अल्डिहाइड होतें. याच अर्थाच्या लॅटिन शब्दांचा संक्षेप करून जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें १८३५ सालीं हें नांव दिलें.

अल्डिहाइडास प्राणवायूची ओढ फार. रौप्यक्षाराच्या अमोनियायुक्त द्रावणांत तें घालून ऊन केलें, कीं शुद्ध चांदी सुटून कांचेवर बसते व आरसा तयार होतो. पूर्वीं आरशांस पारा लावीत आणि कारागिरांच्या देहांत त्याचें विष भिनत असे. चांदीच्या आरशानें तें संकट टळलें.

परंतु हीच ओढ देहांत घातकही ठरते. काष्ठमद्यार्क, म्हणजे मिथेनॉल, पोटांत गेल्यास यकृतांत त्याचें फॉर्माल्डिहाइड होतें; तें लगेच प्राणवायु घेऊन फॉर्मिक अम्ल बनतें, आणि हें अम्ल दृष्टि हरण करतें, प्रसंगीं प्राणही. मुंबईंत मालवणी येथें २०१५ च्या जूनमध्यें अशाच दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं.

आमच्या घरीं दारू येत नाहीं, असें म्हणून वाचकांनीं निश्चिंत राहूं नये. लांकडाच्या पॉलिशचें स्पिरिट व रंगाचें थिनर यांतही मिथेनॉल असूं शकतें, आणि मुलाबाळांच्या घरांत तें सरबताच्या रिकाम्या बाटलींत भरून ठेवणें म्हणजे संकटास आमंत्रण होय. चुकून कोणी प्यालेंच, तर घरगुती उपाय करीत बसूं नये. आरंभींचे कांहीं तास रोगी बरा दिसतो. त्या दिसण्यावर न विसंबतां त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. यकृतांतील ही क्रिया थोपविणारें औषध आज उपलब्ध आहे. मात्र अम्ल सांचण्यापूर्वीं तें मिळालें पाहिजे.

दालचिनी डब्यांत सुखानें नांदो. स्पिरिटची बाटली मात्र, नांवाची चिठ्ठी लावून, कुलपांत असावी.