मूल सांभाळण्याचा खर्च कुणाच्या कमाईतून?

लेकरू जरा मोठे झाले की आपल्या कित्येकांच्या घरची बाई ग्रामीण डाक सेवक म्हणून कामाला लागते. चार तासांचे काम. २०१८ पासून किमान १०,००० रुपये, वर महागाई भत्ता. थैली उशिरा आली की चाराचे सहा तास होतात आणि लेकरू सांभाळणारी शेजारीण जादा पैसे मागते. तिचेही बरोबरच! मग नवरा ते सारे बायकोच्या कमाईतून वजा करून म्हणतो, ‘उरले काय? घरीच बस.’

हा हिशेबच खोटा. मूल दोघांचे, तर खर्च दोघांच्या एकत्र कमाईतून वजा करा. सोसायटीच्या हप्त्याला आपण असे विचारतो का? शिवाय ती घरी बसली, तर खात्याच्या परीक्षेतून पोस्टमन होण्याची वाटही बंद होते. ती रक्कम कुठल्या रकान्यात लिहिणार?