हिरवं छप्पर गळलं, बरं झालं!



'प्रकल्प' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? थर्माकोलचं मॉडेल, चमकीचा कागद आणि आदल्या रात्री अकरा वाजता कापाकापी करणारे आईबाबा. खरं ना? माझं मत थोडं वेगळं आहे. ज्या प्रकल्पात काहीच बिघडत नाही, त्यातून मुलं फारसं शिकत नाहीत.

मागच्या वर्षी सातवीच्या पाच मुलांनी आमच्या घरामागच्या न्हाणीघराच्या स्लॅबवर हिरवं छप्पर करायचं ठरवलं. हिरवं छप्पर म्हणजे नुसत्या कुंड्या मांडणं नव्हे. खाली पाणी न झिरपणारा प्लास्टिकचा थर, त्यावर पाणी वाहून जायला खडी, मग माती अडवणारं कापड, त्यावर माती आणि झाडं.

पहिला प्रश्न वजनाचा. स्लॅब २ मीटर लांब, दीड मीटर रुंद. १० सेंमी माती घालायची तर ०.३ घनमीटर, म्हणजे ३०० लिटर. मुलांनी लिटरच्या मापात ओली माती भरून किराणा दुकानात तोलून आणली. भरली १ किलो ७०० ग्रॅम. म्हणजे स्लॅबवर ५१० किलो! घनफळाच्या तासाला जांभया देणारी मुलं एकदम गप्प झाली. मग इंजिनिअरला स्लॅब दाखवला. त्यांच्या सल्ल्याने मातीत कोकोपीट मिसळलं आणि थर ७ सेंमीवर आणला. वर चिनी गुलाब आणि घोळ लावली.

जुलैत न्हाणीघराच्या भिंतीला आतून ओल आली. एक पालक म्हणाले, "सर, काढून टाका ते. मुलांचे मार्क जातील." मी काढलं नाही. मुलांना म्हटलं, कारणं लिहा. 'प्लास्टिक फाटलं', 'पाइप तुंबला', 'उतार उलटा आहे'. आधी काय तपासायचं? जे सोपं ते, म्हणजे पाइप.

पाइप तुंबलेलाच होता. माती अडवायला आम्ही जुनी सुती साडी अंथरली होती. ती कुजली, माती खडीत उतरली आणि वाट बंद झाली. साचलेलं पाणी कडेवरून भिंतीत मुरलं, कारण कडेला प्लास्टिक जेमतेम बोटभर वर घेतलं होतं. एका मुलीने वहीत लिहिलं, "सुती कापड कुजते हे मला पाठ होते, पण साडी अंथरताना आठवले नाही."

या एका वाक्यासाठी मी तिला पूर्ण गुण दिले असते!

नंतर सगळं उतरवून कडेला प्लास्टिक १५ सेंमी वर चढवलं. पाणी २४ तास कोंडून पाहिलं. न कुजणारं जिओटेक्स्टाइल कापड घातलं, पाइपाभोवती फक्त खडी ठेवली. हे आधीच करायला हवं होतं, ती चूक माझी.

म्हणून शिक्षकांना विनंती : प्रकल्पाचे निम्मे गुण 'काय बिघडलं आणि कारण कसं शोधलं' या पानाला द्या. पालकहो, स्लॅबवर मुलांसोबत नक्की राहा, वजनाचा निर्णय जाणकारावर सोडा. पण ओल दिसली की लगेच स्वतः दुरुस्तीला धावू नका. ती ओल मुलांचा धडा आहे.