बाबा, मी आणि १२० चौरस फूट

‘हनिमूनसाठी का मॅडम?’ एजंटचा पहिला प्रश्न. म्हटलं, नाही हो, बाबांबरोबर चाललेय. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, ‘अच्छा! म्हणजे डबल बेड नको.’ चला, एक निर्णय तरी झाला. बाकीच्यांना तीन आठवडे लागले.

सांगते. माझ्या बाबांनी ३४ वर्षं माझगाव डॉकमध्ये जहाजांची ड्रॉइंग्ज काढली. पण जहाजावर एक रात्र तरी झोपलेत का? नाही. यंदा मला एक मोठं काम मिळालं, पैसेही चक्क वेळेवर आले (फ्रीलान्सर मंडळींना यातला चमत्कार कळेल), आणि मी ठरवलं, बाबांना शिडाच्या जहाजावर न्यायचं. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून निघायचं आणि आठवडाभर ग्रीसची बेटं बघायची.

शिडाचं म्हणजे खरंच शिडाचं. वॉटरपार्कवाला तरंगता मॉल नव्हे. अशी प्रवासी जहाजं जगात मोजकीच आहेत. ‘स्टार फ्लायर’ला चार डोलकाठ्या, १६ शिडं आणि प्रवासी दोनशेहून कमी. २००० साली आलेल्या ‘रॉयल क्लिपर’ला तर पाच डोलकाठ्या आणि ४२ शिडं. वारा पडला तर इंजिन असतंच. लिफ्ट मात्र दोन्हींवर नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता केबिन. माझा फंडा सिंपल होता. सगळ्यात वरची, दार थेट डेकवर उघडणारी, सगळ्यात महाग. हॉटेलात असंच असतं ना? बाबांनी चष्मा लावला, डेक प्लॅन टेबलावर पसरला आणि म्हणाले, ‘अगं, हे हॉटेल नाही. हे हलतं.’

मग माझा क्लास घेतला. बागेतल्या सी-सॉच्या टोकाला बसणारा वरखाली होतो, मधला जागेवरच असतो. जहाजाचंही तसंच. नाळेकडे आणि मागच्या टोकाला हेलकावे जास्त, मधोमध कमी. शिवाय जितकं उंच जाल तितकं डावी-उजवीकडे झुलणं वाढतं. मला तर एसटीत पहिल्याच घाटात लिंबू लागतं! म्हणजे ज्यासाठी मी जास्त पैसे मोजणार होते, तिथेच मला जास्त मळमळलं असतं.

पुढे झोपलात तर पहाटे नांगराची साखळी खडखडत उठवणार. मागे झोपलात तर खाली पंख्याची आणि इंजिनाची घरघर. आणि केबिनच्या बरोब्बर डोक्यावर काय आहे, हे आधी बघायचं. रात्री शिडं फिरवायची वेळ आली की खलाशी तिथेच धावपळ करतात. हे सगळं डेक प्लॅनवर दिसतं, पण आपण फोटोतली उशीवरची फुलं बघत बसतो.

बेडच्या दिशेचं तर मला सुचलंच नसतं. शीड भरलं की जहाज तासन्‌तास एका अंगाला किंचित कललेलं राहतं. बेड लांबीच्या दिशेने असेल तर तुम्ही भिंतीला टेकता किंवा कडेकडे घसरता. आडवा असेल तर कधी डोकं वर, कधी पाय वर. बाबा कडेवर झोपायला तयार, पण पाय वर करून नाही. एजंटला विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.’ उत्तराला नऊ दिवस लागले.

खरं भांडण नंतर झालं. बाबांनी गुपचूप दरपत्रक बघितलं होतं. त्यांना हवी होती सगळ्यात स्वस्त केबिन, बिनखिडकीची, एकावर एक बंक असलेली. ‘झोपायलाच तर जायचं.’ मी म्हटलं, बाबा, समुद्रात जाऊन भिंत बघणार तुम्ही?

१९३१ मध्ये जर्मनीतल्या कील इथे ‘सी क्लाउड’ हे शिडाचं जहाज तयार झालं. मालकीणबाई मार्जोरी पोस्ट यांनी म्हणे त्यासाठी ब्रुकलिनमध्ये गोदाम घेऊन, जमिनीवर खऱ्या मापाचा आराखडा काढून फर्निचर मांडून बघितलं होतं. आमच्याकडे डोंबिवलीचा हॉल. सोफा सरकवला, टीपॉय बाल्कनीत गेला, आणि बाबांनी खडूने १२० चौरस फुटांचा चौकोन आखला. साधारण एवढीच असते केबिन. बाथरूमच्या जागी बादली. वरच्या बंकसाठी माळ्यावरचं सामान काढायची शिडी.

‘वर मी झोपेन,’ म्हणाले. दुसऱ्या पायरीवर थांबले. कठडा घट्ट धरून तसेच उभे. मग हळूच उतरले आणि म्हणाले, ‘चप्पल सरकली.’

ते अनवाणी होते.

त्या रात्री कपाटातली फाइल काढली. गुडघ्याचं ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वीच लिहून दिलंय. मला सांगितलं होतं, तेल लावून बरं वाटतंय.

मग सगळं गणित पुन्हा मांडलं. बंक बाद. माझी वरची केबिनही बाद, कारण जेवणाची खोली एक मजला खाली, म्हणजे दिवसातून तीनदा जिना. शेवटी मिळाली ती त्याच डेकवरची, जहाजाच्या मध्याजवळ, दोन वेगळे बेड आणि एक गोल खिडकी. किंमतही मधलीच. खुर्च्या सरकण्याचे आवाज येतील. येऊ देत. मे महिना घेतलाय, कारण जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात मेल्तेमी हा उत्तरेचा वारा जोरात असतो.

बेड लांबीच्या दिशेने आहेत. बाबा खूश आहेत. खडूचा चौकोन अजून हॉलमध्येच आहे, बाई त्याला वळसा घालून फरशी पुसतात.

गुरुवारी ऑर्थोपेडिकची अपॉइंटमेंट आहे. बुकिंगबद्दल त्यांच्यासमोर एक अक्षर काढायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे.

मी काढणार आहे.